विश्वास नसलेल्या राष्ट्राध्यक्षाशी सहकार्य: हातोहात की उधारीवर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सदाशिव पेठेतल्या तुमच्या अभ्यासिकेत एका वादावरून दोन तट पडलेत. 2025 मध्ये अमेरिकेत 1 ऑक्टोबर ते 12 नोव्हेंबर असे 43 दिवस सरकारी कामकाज बंद राहिलं, त्या बातम्यांवरून हे सुरू झालं. एका गटाचं म्हणणं, राष्ट्राध्यक्षावर काडीचाही विश्वास नसेल तर विरोधी पक्षाने त्याच्या एकाही विधेयकाला हात लावू नये. दुसऱ्या गटाचं म्हणणं, लोकांनी निवडून दिलंय ते कामासाठी, अडवणुकीसाठी नाही. कोण बरोबर, आणि मुख्य परीक्षेत असा प्रश्न आला तर लिहायचं काय, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही गट विश्वास आहे की नाही याभोवतीच फिरतायत, आणि गाडी तिथेच अडलीय. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात एकमेकांवर भरवसा नसलेली माणसंही रोज व्यवहार करतात. व्यापारी अशा गिऱ्हाइकाला माल नाकारत नाही, उधारी नाकारतो. विरोधी पक्षाने नेमकं हेच करावं असं माझं स्पष्ट मत आहे. सहकार्य करावं, पण हातोहात. आपण मत देतो त्याच क्षणी आपल्याला मिळायचं ते कायद्याच्या मजकुरात, आकडा आणि तारखेसकट, पदरात पडलं पाहिजे. आणि आपण जो अधिकार देतोय तो उद्या परत घेता आला पाहिजे. या दोन गोष्टी जमत असतील तर माणूस कितीही अविश्वासू असो, बोलणी करावीत. जमत नसतील तर माणूस कितीही गोड बोलो, मत देऊ नये.

आपल्याकडे हा पेच सहसा येत नाही. पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री सभागृहाचा विश्वास गमावला की पायउतार होतो, आणि आपले राष्ट्रपती घटनेच्या कलम 74 प्रमाणे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी निवडून येतो आणि दोन्ही सभागृहं विरोधात गेली तरी त्याची खुर्ची हलत नाही. महाभियोगाला सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, दोन तृतीयांश मतं लागतात. आजवर तीन राष्ट्राध्यक्षांवर मिळून चार वेळा असा खटला चालला (ट्रम्प यांच्यावर दोनदा), चारही वेळा ते सुटले. म्हणजे न पटणाऱ्या माणसाबरोबर चार वर्षं काढावीच लागतात. त्यातच दरवर्षी 1 ऑक्टोबरपासून नव्या खर्चाला मंजुरी लागते, आणि त्या विनियोजन विधेयकाला सिनेटमध्ये प्रत्यक्षात 100 पैकी 60 मतं हवीत. इतकी मतं एका पक्षाकडे क्वचितच असतात. त्यामुळे विरोधी पक्षाला दरवर्षी निदान एकदा तरी हो किंवा नाही म्हणावंच लागतं.

पैशाचा भाग नीट समजून घ्या, कारण बहुतेक करार इथेच गळतात. मार्च 2025 मध्ये सिनेटमधल्या काही डेमोक्रॅट, म्हणजे विरोधी, सदस्यांनी आपल्याच पक्षाच्या लोकांचा राग ओढवून घेऊन सरकार चालू ठेवण्याच्या विधेयकाची वाट मोकळी केली. जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आधी मंजूर झालेले सुमारे 9 अब्ज डॉलर रद्द करायचा प्रस्ताव पाठवला. 1974 च्या निधी-रोख नियंत्रण कायद्यानुसार अशा प्रस्तावाला साधं बहुमत पुरतं, आणि जुलैमध्ये सिनेटमध्ये तो 51 विरुद्ध 48 असा मंजूर झाला. द्यायला 60 मतं, काढून घ्यायला 51. मग ऑगस्टच्या अखेरीस परदेशी मदतीचे 4.9 अब्ज डॉलर रद्द करण्याचा आणखी एक प्रस्ताव आला. याच कायद्याप्रमाणे काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) कामकाजाचे 45 दिवस तो निधी रोखून ठेवता येतो, आणि त्या मुदतीत मंजुरी मिळाली नाही तर सोडावा लागतो. पण आर्थिक वर्ष 30 सप्टेंबरला संपतं. 45 दिवस पुरे होण्याआधीच पैशांची मुदत संपली. सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबरअखेर ते पैसे रोखून धरायला तात्पुरती मुभा दिली.

पुणेकराला हे वेगळं समजवायला नको. आपल्या महापालिकेच्या अंदाजपत्रकात एखाद्या कामाला निधी धरला जातो, आणि वर्ष सरता सरता वर्गीकरणाचा प्रस्ताव येऊन तो दुसऱ्याच कामाकडे वळतो, किंवा 31 मार्चला लॅप्स होतो. अंदाजपत्रकात नाव छापून आलं म्हणून काम झालं असं जाणता नगरसेवक धरत नाही. तो निविदा कधी निघाली, कार्यादेश कधी दिला, हे बघतो.

म्हणून खर्चाच्या कलमात शब्दन्‌शब्द तपासावा. रक्कम ‘इतक्यापर्यंत’ अशी लिहिली असेल तर शून्य खर्च करूनही कायदा पाळल्यासारखं होतं. ‘इतक्याहून कमी नाही’ असं हवं. क्रियापद बघावं. आपल्या मराठी अधिनियमांत ‘करील’ आणि ‘करता येईल’ यांत जो फरक आहे तोच तिथे आहे. पहिल्यात बंधन असतं, दुसऱ्यात मर्जी. मग मुदत. एका वर्षाचा निधी दिला की शेवटच्या महिन्यात अडवून बुडवता येतो. दोन वर्षांचा दिला, किंवा खर्च होईपर्यंत उपलब्ध ठेवला, तर तो डाव चालत नाही. शिवाय कायदा लागू झाल्यापासून 30 दिवसांत निधी संबंधित खात्याकडे वर्ग झाला पाहिजे, असं त्याच कलमात लिहून घ्यावं. आणि सगळ्यात जास्त फसगत होते ती तक्त्यांमुळे. कोणत्या कामाला किती, याचे तपशील बऱ्याचदा समितीच्या अहवालात किंवा स्पष्टीकरणाच्या टिपणीत असतात. तो कायदा नव्हे. 1993 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकरकमी निधीच्या बाबतीत हे स्पष्ट केलंय: रक्कम एकत्र दिली असेल तर आत वाटप कसं करायचं हे खातं ठरवतं. तक्ता कायद्याच्या अंगात उतरवून घेतला नाही, तर विरोधी पक्षाने जिंकलेली निम्मी वाटाघाट कागदावरच राहते.

त्या 43 दिवसांच्या शेवटी झालेल्या तडजोडीत रोख आणि उधारी शेजारी शेजारी दिसतात. शेती खात्याचं पूर्ण वर्षाचं विधेयक त्यातच मंजूर झालं, त्यामुळे गरीब कुटुंबांच्या अन्नमदतीचा निधी सप्टेंबर 2026 पर्यंत बांधला गेला. बंदच्या काळात कामावरून काढलेल्या कर्मचाऱ्यांना परत घेणं आणि थकलेला पगार देणं हेही मजकुरातच होतं. हे सगळं रोख. पण ज्या आरोग्यविमा अनुदानासाठी डेमोक्रॅट पक्षाने एवढा लढा दिला, त्यावर पदरात पडलं ते फक्त ‘डिसेंबरमध्ये मतदान घेऊ’ असं आश्वासन. मतदान झालंही, 11 डिसेंबरला. 51 मतं मिळाली, 60 हवी होती. वर्षाअखेरीला ते अनुदान संपलं. शब्द अगदी तंतोतंत पाळला गेला आणि हातात काहीच आलं नाही. मतदानाचं आश्वासन मागणाऱ्याने आधी मतं मोजायची असतात.

सहकार्य कसं करावं याचा माझ्या लेखी सर्वांत चांगला धडा 2008 च्या सप्टेंबरमधला आहे. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश रिपब्लिकन, दोन्ही सभागृहांत बहुमत डेमोक्रॅट पक्षाचं. इराक युद्धामुळे विश्वास पार आटलेला. बँका कोसळत होत्या आणि अर्थमंत्री हेन्री पॉल्सन यांनी 700 अब्ज डॉलर मागितले. मागणीचा मसुदा होता अवघा तीन पानांचा. त्याच्या आठव्या कलमात म्हटलं होतं की, मंत्र्याने या कायद्याखाली घेतलेल्या निर्णयांचा फेरविचार कोणत्याही न्यायालयाला किंवा प्रशासकीय संस्थेला करता येणार नाही. इतकी रक्कम, एक माणूस, आणि दाद मागायला दारच नाही.

विरोधी पक्षाला तिथे दोन सोपे रस्ते होते. घाबरून सही करणं, किंवा ‘तुमचं तुम्ही निस्तरा’ म्हणून उठून जाणं. त्यांनी मसुदा टेबलावर घेतला आणि उलगडून पुन्हा शिवला. रकमेचे हप्ते पाडले. 250 अब्ज लगेच, पुढचे 100 अब्ज राष्ट्राध्यक्षाने गरज लेखी प्रमाणित केल्यावर, आणि उरलेले 350 अब्ज काँग्रेसला कळवून, 15 दिवस हरकतीला ठेवून. आठवं कलम गेलं, न्यायालयाचं दार उघडलं. देखरेखीला एक माणूस न ठेवता तीन वेगळ्या यंत्रणा बसवल्या: खास महानिरीक्षक (खर्चाची स्वतंत्र तपासणी करणारा अधिकारी), काँग्रेसने नेमलेलं देखरेख मंडळ आणि सरकारातलं एक मंडळ. ज्या बँका पैसे घेतील त्यांच्या वरिष्ठांच्या मानधनावर बंधनं घातली.

गळतीही झाली, आणि ती कुठे झाली ते बघण्यासारखं आहे. पैसा ‘अडचणीतल्या मालमत्ता’ विकत घेण्यासाठी होता. पण व्याख्येच्या शेवटी एक शेपूट होतं. मध्यवर्ती बँकेच्या अध्यक्षांशी सल्लामसलत करून मंत्र्याला आवश्यक वाटेल ते ‘अन्य कोणतंही वित्तीय साधन’. त्या शेपटातून ऑक्टोबरमध्ये नऊ मोठ्या बँकांच्या भागभांडवलासाठी 125 अब्ज डॉलर ठरले आणि डिसेंबरमध्ये जनरल मोटर्स आणि क्रायस्लर या मोटार कंपन्यांना 17.4 अब्जांचं कर्ज निघालं. यातले काही निर्णय पुढे योग्य ठरले असतील, पण मतदान करणाऱ्यांनी त्यावर मत दिलं नव्हतं. व्याख्येच्या शेवटी ‘इत्यादी’, ‘अन्य’, ‘आवश्यक वाटेल ते’ आलं की बाकीची शंभर पानं सैल पडतात. मसुदा हातात आला की मी म्हणेन, व्याख्या आधी वाचा, प्रस्तावना शेवटी. ‘अन्य कोणत्याही कायद्यात काहीही असलं तरी’ हे शब्द दिसले की थांबा, कारण त्या एका वाक्यांशाने जुन्या कायद्यांतली कुंपणं एकदम काढली जातात.

तिसऱ्या हप्त्याचीही एक गोम होती. पैसा अडवायचा असेल तर काँग्रेसने नापसंतीचा ठराव करायचा, आणि त्या ठरावावर राष्ट्राध्यक्षाला नकाराधिकार वापरता येत होता. म्हणजे सभागृह गप्प बसलं तर पैसा सुटणार, बोललं तरी दोन तृतीयांश मतं जमवावी लागणार. प्रत्येक अटीबाबत हा प्रश्न विचारावा: कोणीच काही केलं नाही तर फायदा कुणाचा? उत्तर राष्ट्राध्यक्षाचा असं असेल तर ती अट दिखाऊ आहे.

याच गोमेवर 2019 मध्ये सगळं अडलं. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांना मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी 5.7 अब्ज डॉलर हवेत म्हणून 35 दिवस सरकार बंद राहिलं. शेवटी काँग्रेसने कुंपणासाठी 1.375 अब्ज दिले. त्या विधेयकावर सही झाली त्याच दिवशी, 15 फेब्रुवारीला, राष्ट्राध्यक्षांनी आणीबाणी जाहीर केली आणि पुढे लष्करी बांधकामांचे 3.6 अब्ज तिकडे वळवले. त्यात 127 कामं मागे पडली. आणीबाणीचा 1976 चा कायदा झाला तेव्हा दोन्ही सभागृहांच्या साध्या ठरावाने ती मोडता येत होती. 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा सभागृही नकाराची पद्धतच घटनाबाह्य ठरवली, आणि तेव्हापासून त्या ठरावावरही राष्ट्राध्यक्षाची सही लागते. सिनेटमध्ये 59 विरुद्ध 41 अशा मतांनी आणीबाणीविरुद्ध ठराव झाला. त्यावर नकाराधिकार आला. प्रतिनिधिगृहात तो उलटवायला 248 मतं पडली, ती दोन तृतीयांशाला कमीच. विरोधी पक्षाने रकमेवर चांगली घासाघीस केली होती, मागचं दार मात्र उघडं राहिलं. त्या तडजोडीत ‘या कामासाठी इतर कोणत्याही लेखाशीर्षातून पैसा वळवता येणार नाही’ हे एक वाक्य बसवणं 1.375 अब्जांच्या आकड्यापेक्षा मोलाचं होतं. ते मिळत नव्हतं म्हणून पुढे 30 दिवसांत सभागृहांची मंजुरी नसेल तर आणीबाणी आपोआप रद्द, अशी सुधारणा सुचवली गेली. तिचा कायदा मात्र झाला नाही.

संपण्याच्या तारखेबद्दल फार लिहायला नको, दोन कायदे शेजारी ठेवले की पुरे. दोन्ही 2001 चे, दोन्ही 11 सप्टेंबरच्या दहशतवादी हल्ल्यानंतर भीतीच्या वातावरणात झालेले. ऑक्टोबरमध्ये पाळत ठेवण्याचे अधिकार देणारा पेट्रिअट कायदा सिनेटमध्ये 98 विरुद्ध 1 ने मंजूर झाला, पण त्यातल्या 16 तरतुदींना 31 डिसेंबर 2005 ही मुदत घातलेली होती. मुदत आली, चर्चा पुन्हा करावी लागली, नूतनीकरणात महानिरीक्षकांकडून तपासणीची अट घालता आली, आणि 2007 च्या त्या अहवालातून तपास यंत्रणेने अधिकारांचा गैरवापर केल्याचं बाहेर आलं. त्याआधी सप्टेंबरमध्ये लष्करी बळाच्या वापराला परवानगी देणारा ठराव झाला. त्याचं मुख्य वाक्य इंग्रजीत 60 शब्दांचं. त्यात देशाचं नाव नाही, भूगोल नाही, शेवटची तारीख नाही. प्रतिनिधिगृहात विरोधात एकच मत पडलं. वेगवेगळ्या पक्षांच्या राष्ट्राध्यक्षांनी पुढे वेगवेगळ्या देशांत तोच ठराव आधाराला घेतला. अधिकार ज्याला दिला तो माणूस जातो, अधिकार खुर्चीला चिकटून राहतो. ज्याच्यावर आज विश्वास आहे त्यालाही म्हणून तारखेशिवाय काही देऊ नये.

देखरेख करणाऱ्यांचं काय होतं ते 2020 ने दाखवलं. करोना मदतीचा 2.2 लाख कोटी डॉलरचा कायदा सिनेटमध्ये 96 विरुद्ध 0 असा मंजूर झाला. डेमोक्रॅट पक्षाने त्यात खास महानिरीक्षक आणि महानिरीक्षकांची एक समिती बसवली. सही झाली त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांनी निवेदन काढलं की, महानिरीक्षकाने आपल्या देखरेखीशिवाय काँग्रेसला अहवाल द्यावा ही अट आपण तशी मानणार नाही. समितीच्या प्रमुखपदी ग्लेन फाइन यांची निवड झाली, आणि 7 एप्रिलला त्यांना त्यांच्या हंगामी महानिरीक्षकपदावरून बाजूला केल्यामुळे ते प्रमुखपदही गेलं. तरी समिती चालू राहिली, कारण ती एका माणसावर उभी नव्हती. जागा रिकामी झाली तर कोण चालवेल हे कायद्यात असावं, काढायचं तर आधी कारण लेखी कळवण्याची अट असावी, आणि कचेरीचा, माणसांचा खर्च त्याच कायद्यात वेगळा धरलेला असावा. पैसे न दिलेला पहारेकरी म्हणजे नावाची पाटी.

आणि कोर्टाचं दार कुणासाठी उघडं आहे ते बघा. लोकप्रतिनिधी स्वतः फिर्यादी होऊन गेला तर बहुधा परत पाठवला जातो. 1997 मध्ये सहा काँग्रेस सदस्यांनी राष्ट्राध्यक्षाला खर्चाच्या एकेका बाबीवर नकाराधिकार देणाऱ्या कायद्याला आव्हान दिलं, तर तुमचं व्यक्तिगत नुकसान काय, असं म्हणून सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळला. पुढच्याच वर्षी ज्यांचं प्रत्यक्ष नुकसान झालं होतं ते न्यूयॉर्क शहर आणि इतर पक्षकार गेले, आणि तो कायदाच घटनाबाह्य ठरला. तेव्हा ज्या राज्याला, शहराला, संस्थेला किंवा लाभार्थ्याला पैसा मिळायचा आहे त्यालाच दावा लावण्याचा हक्क कलमात लिहून द्यावा.

पूर्ण बहिष्काराच्या बाजूने बोलणाऱ्या तुमच्या मित्रांसाठी व्हेनेझुएला. डिसेंबर 2005 मध्ये तिथल्या प्रमुख विरोधी पक्षांनी निवडणूक यंत्रणेवर विश्वास नाही म्हणून संसदेच्या निवडणुकीतून माघार घेतली. अविश्वासाला कारणं असतील. पण सगळ्या 167 जागा राष्ट्राध्यक्ष चावेझ यांच्या बाजूच्या लोकांकडे गेल्या, आणि पाच वर्षं सभागृहात प्रश्न विचारायला, कागद मागायला विरोधकांचं कुणी निवडून आलेलं उरलं नाही. सभागृहातली खुर्ची हे सहकार्य नव्हे, ते हत्यार आहे. ते खाली ठेवू नये.

याची दुसरी बाजू दक्षिण कोरियात दिसली. 3 डिसेंबर 2024 च्या रात्री राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांनी लष्करी कायदा जाहीर केला. घटनेच्या कलम 77 प्रमाणे एकूण सदस्यांच्या बहुमताने, म्हणजे 300 पैकी 151 जणांनी मागणी केली, तर तो उठवावाच लागतो. सैनिक इमारतीत शिरत असताना, काही जण कुंपणावरून चढून, 190 सदस्य सभागृहात पोचले आणि सगळ्यांनी एकमुखाने ठराव केला. त्यात सत्ताधारी पक्षाचेही काही होते. मग महाभियोगाला 200 मतं हवी होती, विरोधकांकडे 192. 7 डिसेंबरचा पहिला प्रयत्न सत्ताधाऱ्यांनी बाहेर राहून पाडला. 14 तारखेला 204 मतं मिळाली. ती जास्तीची मतं समोरच्या बाकांवरून आली. वर्षानुवर्षं समोरच्या सामान्य आमदाराशी छोट्या कामांवर बोलणं चालू ठेवलं नसेल, तर अशा रात्री त्याचा फोन लागत नाही. यून यांना पदावरून दूर करताना घटनात्मक न्यायालयाने हेही नोंदवलं की, बहुमतातल्या विरोधकांनीही संवाद आणि तडजोडीचा प्रयत्न करायला हवा होता.

राष्ट्राध्यक्षाच्या स्वतःच्या अधिकारांना कात्री लागत असेल तर मात्र डोळे झाकून साथ द्यावी. श्रीलंकेत 2015 मध्ये 19वी घटनादुरुस्ती 225 पैकी 212 मतांनी झाली. तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते मैत्रीपाल सिरिसेना. तीत एक अट होती, साडेचार वर्षं होण्याआधी राष्ट्राध्यक्षाला आपल्या मर्जीने संसद विसर्जित करता येणार नाही. तीन वर्षांनी, 2018 च्या नोव्हेंबरमध्ये, त्याच सिरिसेनांनी संसद विसर्जित केली, आणि 13 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने सात न्यायाधीशांच्या एकमताने त्याच अटीवर बोट ठेवून ते विसर्जन रद्द केलं. मैत्रीच्या दिवसांत लिहून घेतलेलं भांडणाच्या दिवशी कामाला आलं.

काही गोष्टींवर तडजोडच नको, कितीही मोबदला मिळो. निवडणुकीची यंत्रणा, न्यायाधीशांची मुदत, वृत्तपत्रांचे परवाने, स्वतःच्या नेत्यांवरचे खटले. इथे एकदा दिलेलं परत मागायचं ठिकाणच उरत नाही. उलट पूर, साथ, पगार, अन्नमदत, सरकारी कर्जाची मर्यादा यांवर अडवणूक करणाऱ्याला लोक माफ करत नाहीत, आणि करूही नये. 2013 मध्ये ओबामांच्या आरोग्य कायद्यासाठी रिपब्लिकन पक्षाने 16 दिवस सरकार बंद पाडलं. तो कायदा राहिला, लोकांचा रोष तेवढा पक्षाच्या वाट्याला आला. मागणी मोठी आणि रोख मोबदला अशक्य असेल, तर ओलीस धरून ती मिळत नाही.

बोलणी करताना एक चूक चांगले पक्षही करतात. ते आपली मतं आधी देतात. 29 सप्टेंबर 2008 ला बुश यांच्या विधेयकाला विरोधी डेमोक्रॅट पक्षाची 140 मतं पडली, आणि राष्ट्राध्यक्षाच्या स्वतःच्या पक्षाची फक्त 65. विधेयक 205 विरुद्ध 228 असं पडलं, शेअर बाजाराचा डाऊ निर्देशांक एका दिवसात 777 अंकांनी कोसळला, आणि अप्रिय विधेयकाचा डाग दोन्हीकडच्या ‘हो’ म्हणणाऱ्यांना लागला. चार दिवसांनी ते मंजूर झालं, पण तोवर त्यात बऱ्याच सवलती चिकटल्या होत्या. अवघड विधेयकात राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाची किती मतं पडणार हे आधी नावानिशी ठरवावं, आणि त्यांची हजेरी झाल्यावर आपल्यांनी हात वर करावा.

श्रेयाची भीतीही असते. 1948 मध्ये सिनेटर आर्थर व्हँडेनबर्ग यांनी डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या मार्शल योजनेला (महायुद्धानंतर युरोप उभारण्यासाठीची अमेरिकी मदत) रिपब्लिकन बहुमत मिळवून दिलं. चार वर्षांसाठी 17 अब्ज डॉलरची मागणी होती. त्यांनी ती एका वर्षाच्या सुमारे 5 अब्जांवर आणली, योजना परराष्ट्र खात्याबाहेरच्या स्वतंत्र संस्थेकडे दिली, आणि तिच्या प्रमुखपदी पॉल हॉफमन हे रिपब्लिकन उद्योजक आले. हप्ता, वेगळी यंत्रणा, आपला माणूस: तिन्ही रोख. त्या वर्षीची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक ट्रुमन यांनीच जिंकली. व्हँडेनबर्ग यांच्या पक्षाने किंमत मोजली, हे मान्यच करायला हवं. युरोप मात्र उभा राहिला, आणि मला वाटतं, त्यांना त्या सौद्यात हेच हवं होतं.

परीक्षेचं. ‘सहकार्य करावे, परंतु लोकशाही मूल्यांशी तडजोड करू नये’ असलं वाक्य लिहून पान भरू नका. तपासनीसाला त्यातून काही कळत नाही. दोन कायदे घ्या, त्यांतली एकेक अट दाखवा, ती का टिकली किंवा का गळली ते लिहा. आणि अभ्यासिकेत उद्या वाद पुन्हा पेटलाच, तर सप्टेंबर 2001 च्या त्या 60 शब्दांच्या वाक्याचं मराठी भाषांतर फळ्यावर लिहा आणि दोन्ही गटांना खडू देऊन त्यात चार गोष्टी शोधायला सांगा: कोणाविरुद्ध, कुठे, कधीपर्यंत, आणि थांबवायचं कुणी. चारही जागांसमोर त्यांना काय लिहिता येतं ते पाहा, मग ‘त्या दिवशी तुम्ही सभागृहात असता तर मत काय दिलं असतं’ हे विचारा.